झुरिकवर थांबलेलं बोट

युरोपच्या नकाशावर पॅरिसहून निघालेलं आप्पांचं बोट झुरिकवर थांबलं.

"इथं गाडी बदलायची?"

"हो. या मार्गानं मिलानला जायचं तर बदलावीच लागते."

"आणि चुकामूक झाली तर?"

गाडीचं आपोआप मिटणारं दार माझ्या डोळ्यांपुढे आलं. आत मी, बाहेर आई-आप्पा, आणि त्यांचं बोलणं कळणारं आसपास कुणी नाही. मीच हट्टानं नेतेय त्यांना. मी घरातली पहिली पदवीधर, आणि याचा मला अभिमान आहे. आजवर प्रत्येक पाटी मीच वाचली. शिकलेल्या एकाच्या भरवशावर अख्खं घर निर्धास्त निघतं, पण त्या एकानं कुणाच्या भरवशावर निघायचं?

मी प्रवासाच्या यादीतली मधली दोन शहरं खोडली. भीती तेवढीच राहिली.

आई शेंगा सोलत होती. म्हणाली, "जत्रेत चुकलं की दीपमाळेखाली थांबतो आपण. तिथं काय असतं?"

मी मोबाइलवर झुरिक स्टेशनाचा फोटो शोधून पाहिला. "मोठं घड्याळ आहे. त्याखाली थांबा, मी येईन." आवाज मी मुद्दाम ठाम ठेवला.

"आणि तूच चुकलीस तर?"

"मी कशी चुकेन, आई?"

"चुकलीस तर तूही तिथंच ये. आम्ही हलणार नाही."

आप्पांचं बोट अजून झुरिकवरच होतं.