टोपल्याखालचं रोप

चाकूरच्या शेषेरावांना कुठलंही काम सुरू करताना बघावं. शेवट बघायला जाऊ नये, कारण तो नसतो. एसटीतली कंडक्टरकी संपली आणि ते मधमाश्या पाळायला निघाले. माश्या समजूतदार निघाल्या. पेटी सोडून शेजारच्या भागवतच्या लिंबावर राहायला गेल्या. मग आळिंबी झाली, मग कुंडीतला वड झाला. सगळ्याचं सामान अजून जिन्याखाली आहे. त्यांची बायको तारामती दर दिवाळीला ते झटकते आणि परत तिथंच ठेवते.

अशात हैदराबादच्या एका लग्नात शेषेरावांच्या ताटात बोटाएवढे हिरवे कोंब पडले. अ‍ॅस्परॅगस. आपल्या शतावरीच्या भावकीतलं, पण ह्याचे कोवळे कोंब भाजीसारखे खायचे. झालं! घरी येऊन त्यांनी बी मागवलं.

"ह्याची तोडणी तिसऱ्या वर्षी असती," त्यांनी मोठ्या ऐटीत सांगितलं.

"तिसऱ्या वर्षी?" तारामती म्हणाली. "तुमच्या कोन्च्या कामानं तिसरा महिना तरी बघितलाय का?"

हे मात्र शेषेरावांना लागलं. एक तरी गोष्ट तडीस न्यायची आणि हिच्या ताटात वाढायची, असं त्यांनी मनाशी धरलं. बोलले मात्र नाहीत. आजवर बोललेलं एकही झालं नव्हतं.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून पिशव्यांत लावलं. बऱ्याच दिवसांनी सुतासारखी रोपं वर आली. काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतात, म्हणून परसात चर खणून वाळू आणि शेणखत भरलं. रोपं चरात गेली आणि शेषेराव चराच्या कडेला. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणार, त्यातलं पहिलं पाणी रोपांना. माणसांनी नंतर प्यावं. हरळी ते बोटांनी उपटत, खुरपं लावू देत नसत. पोटच्या लेकरांचे एवढे लाड त्यांनी केल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

रोपं वाढून बडीशेपेच्या झाडासारखी पिसारेदार झाली. भागवत कुंपणावरून रोज विचारायचा, "काका, गवताला पाणी देऊन राहिले का?"

"गवत न्हाई ते! तो पाला मुळांना जेवू घालतो. पाला कापला की मुळं उपाशी." हे भाषण गल्लीतल्या लेकरांनाही पाठ झालं होतं.

पहिल्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला सोळा भाज्या जमवताना तारामतीला एक कमी पडली. तिनं परसाकडे नुसतं बघितलं, तर शेषेराव काठी घेऊन चरापाशी उभे राहिले. देवीपुढं पंधराच भाज्या गेल्या. देवी काही बोलली नाही, तारामती बोलली.

दुसऱ्या वर्षी महालक्ष्म्या यायच्या दिवशी संध्याकाळी भागवत आला. कुंपणावरून नाही, चक्क दारातून.

"काका, तुमचं झाड लई भारी दिसून राहिलंय. अख्ख्या चाकुरात असं न्हाई. आमच्या महालक्ष्म्यांच्या मागं लावायला दोन फांद्या द्या की."

दोन वर्षं गवत म्हणणारा माणूस झाड म्हणाला! शेषेराव जे हरभऱ्याच्या झाडावर चढले, ते कात्री घेऊनच. भागवतला दोन सोडून पाच फांद्या मिळाल्या. त्या बघून पलीकडची उज्ज्वला आली. "काका, तुमचा हातच गुणाचा," म्हणाली, तिला ओंजळभर गेलं. मग गल्ली लोटली. महालक्ष्म्यांच्या सणात दारातून कुणाला रिकाम्या हातानं कसं परत धाडायचं? मुळांच्या उपासमारीचं भाषण त्या संध्याकाळी कुणालाच ऐकू आलं नाही.

सकाळी परसात नुसते बुडखे होते. घरोघरी आरास झकास दिसत होती आणि जो तो सांगत होता, "ते शेषेरावकाकाचं गवत."

शेषेराव चराच्या कडेला मटकन बसले. त्यांना रडू आलं, अगदी लेकरासारखं. तारामती आली. कोपऱ्यात एक टोपलं पालथं पडलं होतं, ते तिनं उचललं. खाली एक रोप, जरा चेंगरलेलं, पण अख्खं.

"भागवत दारातून आला तवाच झाकलं म्या," ती म्हणाली. "तुमाला कुणी चांगलं म्हणलं की तुमी घराची दारं बी काढून देताल."

बाकीचे बुडखे त्या पावसात कुजले. त्या एका रोपाची देखभाल पुढं तारामतीनंच केली. शेषेरावांकडे फक्त पाणी होतं, तेही तिच्या देखत. तिसऱ्या वर्षी महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात सोळावी भाजी होती, चमचाभर. नैवेद्य झाल्यावर तारामतीनं त्यातले दोन कोंब शेषेरावांच्या ताटात वाढले, एक स्वतः घेतला.

तेवढ्यात पंगतीला बसलेला भागवत वाकून म्हणाला, "काका, ही कशाची भाजी म्हणायची? लई झ्याक दिसून राहिली."

शेषेरावांची छाती फुगली, तोंड उघडलं. त्यांच्या आधी तारामती बोलली.

"गवताची," ती म्हणाली, आणि भागवतला भात वाढला.