कॅनॉपीचं बुजवलेलं भोक

१९८९ च्या मे महिन्यात, दुपारी चहा पिताना माझा धाकटा भाऊ अनिल याचा श्वास बंद पडला. ठिकाण – ठाकुर्ली, आमच्या घरामागची शेड. हजर तिघंच : अनिल, माझे पती श्रीकांत आणि मी. मी वर्तमानपत्रात बातमीदार होते. भुताखेतांची पत्रं आली की मीच ती बाजूला टाकायचे.

श्रीकांत अ‍ॅक्रिलिकची कामं करायचे. अनिल ग्लायडर उडवायचा. त्याच्या क्लबच्या ग्लायडरची कॅनॉपी – वैमानिकाच्या डोक्यावरचं अ‍ॅक्रिलिकचं पारदर्शक झाकण – तडकली होती. रविवारी त्याला त्यातूनच उडायचं होतं.

तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या टोकाला बारीक भोक पाडतात. मग ते अ‍ॅक्रिलिकच्या द्रावणाने बुजवतात. कॅनॉपी टेबलावर, घोंगडीवर पालथी होती. श्रीकांतनी भोक पाडलं. कडेचा भुसा आत ओढला गेला... बाहेर आला... पुन्हा आत. पंखा बंद होता. मी भोकावर बोट धरलं. आधी खेच लागली, मग ऊब. झोपलेल्या माणसाच्या नाकाशी बोट धरावं तशी.

कॅनॉपी उचलून पाहिली. खाली नुसती घोंगडी.

"मी हे बुजवणार नाही," श्रीकांत म्हणाले.

"काय भाऊजी तुम्ही पण!" अनिल हसला. "ताई, छाप तुझ्या पेपरात – कॅनॉपीला दमा. अहो, भोक ठेवून उडालो तर क्लबवाले मला हाकलतील."

त्याने स्वतःच पिचकारीने द्रावण भरलं. ते घट्ट होईपर्यंत मी चहा आणला.

अनिल बोलता बोलता थांबला. कप पडला. तोंड उघडं, छाती हलेना, ओठ निळे. मी पाठीत थापा मारल्या, घशात बोट घातलं. काही अडकलेलं नव्हतं.

"अहो, रिक्षा आणा!"

श्रीकांतनी ड्रिल उचललं.

"काय करताय? तो मरतोय!"

ड्रिल कॅनॉपीच्या बुजवलेल्या भोकातून आरपार गेलं. त्याच क्षणी अनिलने मोठ्याने श्वास ओढला.

डोंबिवलीच्या डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला. दोष निघाला नाही. क्लबने नवी कॅनॉपी बसवली, जुनी आमच्याकडे राहिली. हे कशामुळे झालं, ते मला आजही सांगता येत नाही.

काही वर्षांनी आम्ही घर बदलून डोंबिवलीला गेलो. सामानाच्या टेम्पोत अनिल मागे, कॅनॉपीपाशी बसला. भोकावर ताडपत्री येऊ नये म्हणून ती त्याने घरापर्यंत दोन्ही हातांनी वर धरून ठेवली होती.