डमीच्या गळ्यात भरलेली हवा

माझ्या खोड्या तुम्ही चहावर चहा मागवून ऐकता, पण ही एक मी आजवर गिळून बसलो होतो. आज सांगतो. हसा, फक्त माझ्या तोंडाकडे बघू नका!

गुडगावात तेव्हा शेतं जाऊन काचेच्या इमारती उगवत होत्या. तशाच एका कोऱ्या हॉस्पिटलात मी वॉर्डबॉय. पन्नाशीचा बॉय! शाळा सातवीपर्यंत, बाकी सगळं शिक्षण लोकांना छळण्यात.

एकदा आयसीयूच्या नर्सांचं ट्रेनिंग होतं. पेशंटच्या श्वासनलिकेत नळी घालतात ना, तिच्या टोकाशी एक फुगा असतो, त्याला कफ म्हणतात. त्यात हवा किती, ते मीटर लावून बघायचं. वीस ते तीसच्या मध्ये, बस्स! शिकवायला केरळच्या मेरी मॅडम, आणि पेशंट म्हणून प्लॅस्टिकची डमी. ती उचलून आणणारा मी.

परीक्षेला आमची नांदेडची शोभा. पास झाली तर आयसीयू, नाही तर परत जनरल वॉर्ड. बिचारीने घरी आधीच फोन करून ठेवलेला. तिने काटा बरोबर पंचवीसवर आणला. मॅडम कागदावर लिहायला वळल्या, आणि माझा हात वळवळला. सिरिंजने दिली थोडी हवा ठासून! म्हटलं, काटा उडेल, पोरगी किंचाळेल, मजा येईल.

मॅडमनी मीटर लावलं.

“अस्सी? शोभा, साँस की नली छिल जाएगी पेशंट की!”

“मॅडम, पच्चीस ही रखा था…” आणि पोरगी रडायलाच लागली.

मॅडम तिला पाणी पाजायला बाजूला घेऊन गेल्या. मी घाबरलो. खेचली हवा. घाबरलेल्या हाताला माप असतं का? जरा जास्तच खेचली! मॅडमनी परत येऊन पुन्हा मीटर लावलं.

“अब आठ? अब तो मुँह का सारा पानी फेफड़े में!”

शोभा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, “काका, माझा हातच वाईट हो. मी जनरल वॉर्डातच बरी.”

काका म्हणाली हो! जमीन का नाही फाटली तेव्हा?

“मॅडम, हवा मैंने भरी थी.”

“और निकाली?”

“वो भी मैंने.”

मला वाटलं, आता तरी हसतील. एकही नर्स हसली नाही. मॅडम एवढंच म्हणाल्या, “अंकल, इसकी जगह असली पेशंट होता तो?”

मी डमीकडे बघितलं. तिच्याकडेसुद्धा बघवेना.

शोभाने काटा पुन्हा पंचवीसवर आणून दाखवला, पास झाली. महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मॅडमनी माझी तक्रार केली नाही. केली असती तर सुटलो असतो! त्या दर नव्या बॅचसमोर मला उभं करत आणि शिकवत, “कफ का प्रेशर हर शिफ्ट में नापना है. और ये अंकल बेड के पास से गुज़रे हों, तो दुबारा!”

आणि पोरी ते वहीत उतरवून घ्यायच्या हो!