बोंडं वेचणारी बोटं

माझ्या मुलीला जन्मापासून दिसत नाही. तेव्हा ती गावच्या शाळेत चौथीत होती. माझी शाळाही चौथीतच सुटली. दर आठवड्याला तालुक्याहून एक मॅडम येऊन तिला ब्रेल शिकवायच्या. जाड कागदावर उठवलेले ठिपके ती बोटाने वाचायची. दिवाळीच्या सुट्टीआधी तिने अख्खा धडा न अडखळता वाचला.

सुट्टीत मी तिला कापूस वेचायला नेलं. बाया म्हणायच्या, "पोरीले नुसतं बसवून कायले ठेवतं वो?" मग मी तिच्याही कमरेला कापूस ठेवायची ओटी बांधली. ती झाड चाचपून फुटलेली बोंडं शोधायची. तिच्या कापसात पालापाचोळा नसायचा.

"पाहा वं," एक म्हातारी बाकीच्यांना म्हणाली, "डोळे असून तुमी कचरा वेचता."

मुलगी हसली. मग रोज ती माझ्याआधी तयार असे.

शाळा उघडल्यावर मॅडम आल्या, त्या दिवशी मीही शाळेत गेले होते. मॅडमनी तोच धडा तिच्यासमोर ठेवला. पहिल्याच ओळीवर ती अडली.

"मॅडम, ठिपके पुसले काय?"

मॅडमनी तिचे हात उलटे केले. बोंडाच्या वाळल्या टोकांनी पेरं ओरखडली होती, कातडी राठ झाली होती. मला म्हणाल्या, "बोटं मऊ झाली की येईल वाचता. पण असंच नेत राहिलात तर सांगता येत नाही."

त्या गेल्यावर मी त्या कागदावर माझं बोट फिरवलं. काही खरखरीत आहे एवढं कळलं. ठिपके किती, ते नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता; ती ओटी बांधून उभी होती. मी तिची ओटी सोडली.

"काहून? मी चांगली नाही वेचत?"

"चांगली वेचतं. पण तुले वाचाचं हाये."

"वाचलं तं कोण म्हणते, 'पाहा वं'?"

मी तिला शेजारणीकडे ठेवून शेतात गेले. रोज संध्याकाळी मी तिच्या पेरांना खोबरेल लावायचे. ती हात द्यायची आणि तेल लागलं की लगेच काढून घ्यायची.

तीन-चार आठवड्यांनी तिला वाचता आलं, हळूहळू. शेतात मी स्वतःहून फार बोलत नाही. त्या दिवशी म्हातारीला म्हटलं, "पोरगी वाचते माही."

"मंग आन तिले. आयकू दे आमाले."

रविवारी जेवणाच्या सुट्टीत ती बांधावर बसून वाचू लागली. बाया भाकरी खाता खाता ऐकत होत्या. धडा संपला तरी म्हातारीचं 'पाहा वं' आलं नाही; ती बांधाला टेकून पेंगत होती.

"आजी झोपली काय?" मुलीने विचारलं.

"झोपली," मी म्हणाले.

तिने बोट परत पहिल्या ओळीवर नेलं. "उठली की सांग. पयल्यापासून वाचतो."