कूलरच्या खोलीतला डबा

बाळंतपणाची रजा, तिला जोडून आलेली उन्हाळ्याची सुट्टी, आणि जूनच्या शेवटी आष्टीच्या शाळेत हजर व्हायचं. बोरगाव मेघेहून रोज जाणं-येणं, म्हणजे सकाळी निघालेली मी संध्याकाळीच घरी येणार. आठ महिन्यांच्या मुलाला सासूबाई सांभाळणार होत्या, पण त्यांची अट होती. "लेकरू माया हातानं जेवलं तं जाजो. नाई तं राहू दे ते नोकरी." नवऱ्यानं मोबाईलमध्ये डोकं घातलं. त्याच्या नोकरीला घरात कुणी अट घातली नव्हती.

मग मी हट्टालाच पेटले. तांदूळ आणि मूगडाळ धुतली, सावलीत वाळवली, मंद आचेवर भाजली, दळून चाळून महिनाभराचं पीठ केलं. पाण्यात शिजवून वर तूप सोडलं की खिमटी तयार. सासूबाईंना गॅसजवळ फार वेळ उभं राहवत नाही, म्हणून ही तोड. पीठ थंड, कोरड्या जागी ठेवा, असं मोबाईलवरच्या व्हिडिओत सांगितलं होतं. मे महिन्यात आमच्या घरात थंड जागा एकच, कूलरची खोली. डबा तिथल्या फळीवर ठेवला.

त्याच खोलीत मी आणि मुलगाही होतो. सकाळी नऊला आत शिरायचं, ऊन उतरल्यावर बाहेर यायचं. जाड पडदे, लावलेलं दार, दिवसभर कूलरची घरघर. वर्गात तास तास बोलणारी मी 'हम्मा' आणि 'चिऊ'वर येऊन ठेपले होते. वाटायचं, दार उघडावं आणि त्या उन्हात तशीच चालत सुटावं. पोरावर जीव होता आणि त्याच्याजवळच जीव गुदमरत होता. दोन्ही खरं.

पहिले दहा दिवस मी भरवलं, तो मिटक्या मारत जेवला. मग चमचा सासूबाईंच्या हाती दिला, आणि तो थुंकायला लागला. रडायचा, शेवटी मी त्याला अंगावर घ्यायची. "पाह्यलं? त्याले मायच पाह्यजे," त्या म्हणायच्या. खोटं कशाला बोलू, शाळा हातची जात होती तरी ते ऐकायला गोड वाटायचं.

पाचव्या दिवशी मी त्याचं तोंड पुसायला गेले आणि तो थुंकला ते माझ्या बोटांवर. मी सहज बोट चाटलं. कुबट! डबा उघडला तर पिठात गुठळ्या आणि कूलरच्या ओल्या गवती ताट्यांचा वास. आमच्याकडे उन्हाळ्यात थंड जागा कोरडी नसते, हे इथंच वाढलेल्या मला कळू नये? आणि पाच दिवसांत दोघींपैकी एकीनंही चाखू नये?

"आई, पीठच खराब झालं नं," मी म्हणाले.

"अवो माय! आन् आपण लेकरालेच नावं ठेवून राह्यलो."

डबा फेकला. नवं पीठ आठ दिवसांपुरतंच केलं, स्वयंपाकघराच्या उकाड्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्याला मांडीवर घेतलं. तो जेवत राहिला. मी समोरच बसले होते, पण त्यानं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

"जेवते व हा. तू जाय आता बिनघोर."

मला अडवणारं आता कुणीच उरलं नव्हतं, आणि मला राग आला. त्यांचा, पोराचा, माझा स्वतःचा. "आणा, शेवटचा घास मी देते," म्हणत मी वाटी जवळजवळ ओढूनच घेतली. चमचा त्याच्या ओठांशी नेला.

त्याचं पोट भरलं होतं. त्यानं तोंड फिरवलं.