ताट वर आलं

दोन हजार तेवीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा. आयर्लंडात, कॉर्कच्या बंदराजवळ, लेकाच्या घरी, वरच्या खोलीत दार लावून बसलेलो.

ताट वर आलं. पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड. सुनेनं ते खुर्चीवर ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. "आबा, चारपर्यंत जातील सगळे," म्हणाली.

लहानपणी खोतांच्या अंगणाबाहेर आम्हाला पानावर लांबून टाकायचे. पानात पडेल ते आपलं. ते मी विसरलो नव्हतो. पण ते खोत होते. हे ताट माझ्या लेकानं पाठवलं.

सांगतो काय झालं ते. लेक रिंगास्किडीला औषधाच्या कारखान्यात इंजिनियर. तिथल्या मराठी लोकांची महिन्याला एक पंगत असते, पाळीपाळीनं एकेकाच्या घरी. त्या शनिवारी आमची पाळी. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून जात कळत नाही. माझ्या बोलण्यावरून कळते. आणि कुणी विचारलं तर मी सांगतो. म्हणून सकाळी लेक म्हणाला, "आबा, आजचा दिवस वर थांबा. तुम्हाला बरं नाही असं सांगतो."

"मला काय झालंय?"

भिंतीवरचा निळ्या कोटातला फोटो त्यानं उतरवला आणि जिन्याखालच्या प्रेसमधे ठेवला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. शेजारचा बुद्ध राहू दिला. बुद्ध चालतो. शोपीस वाटतो.

मी चौथी शिकलेला. बोटीवर भांडी घासून ह्याला इंजिनियर केला. तो फोटो माझ्या पेटीतून सगळे समुद्र फिरलाय. कुठल्या कप्तानानं काढ म्हटलं नाही.

इथली जमीन लाकडी. खालचं सगळं वर ऐकू येतं. शेखर बोलत होता. हा शेखर रोज सकाळी आपल्या गाडीतून माझ्या लेकाला कामावर नेतो.

"इथे एक बरं आहे," शेखर म्हणाला. "कोट्यातली मंडळी इथवर पोचत नाहीत. सगळी आपलीच माणसं."

सगळे हसले. त्यात एक हसणं माझ्या ओळखीचं. रांगता होता तेव्हापासूनचं.

श्रीखंड तसंच राहिलं. आजही घरात एकटा असलो की जिन्याखाली कुणी हसतंय असं वाटतं. उठून बघतो. कुणी नसतं.

रविवारी शेजारच्या हानाकडे गेलो. हाना माझ्याहून म्हातारी. ज्यू. जन्म बेल्जियमचा, लग्न होऊन इकडे आलेली. माझं इंग्रजी बोटीवरचं, तोडकं. ती हळू बोलते. जमतं आमचं.

"काल तुमच्याकडे पार्टी होती. तू बागेत दिसला नाहीस," ती म्हणाली.

"वर होतो. लपून." मी हसत म्हटलं.

ती हसली नाही. कप खाली ठेवला.

मग तिनं सांगितलं. लढाईत जर्मन शिपाई ज्यूंना धरून नेत होते, पोरांनासुद्धा. तिच्या आईबापांना नेलं, ते परत आलेच नाहीत. ती सात वर्षांची. एका शेतकरणीनं तिला ठेवून घेतलं. गाई राखणारी बाई, सहीसुद्धा येत नसे. बहिणीची पोर आहे, मारी तिचं नाव, असं गावाला सांगितलं. शिपाई आले की हानानं कपाटामागे शिरायचं. सापडली असती तर बाई मेली असती, तिची पोरं मेली असती. तरी ठेवली.

"दर शुक्रवारी संध्याकाळी, आमचा पवित्र दिवस लागला की, ती खिडक्या लावायची," हाना म्हणाली. "मला टेबलाशी बसवायची, आपल्या पोरांच्या मधे. आणि हाना म्हणून हाक मारायची. जेवण होईपर्यंत मी हाना. म्हणायची, तुला त्यांच्यापासून लपवलंय, तुझ्यापासून नाही."

कपाकडे बघत म्हणाली, "अजून कुणी दार वाजवलं की मला ते कपाट दिसतं." मग माझ्याकडे बघून, "तुझ्याकडे काल कोण आलं होतं? शिपाई?"

खाली काय होतं? श्रीखंड होतं.

संध्याकाळी लेकाला समोर बसवलं. तो म्हणाला, "आबा, मला इथं राहायचंय. एकदा कळलं की लोकांचं बोलणं बदलतं. तुम्हाला नाही माहीत."

"मला नाही माहीत?"

त्याची भीती खोटी नाही, मी ओळखतो तिला. पण त्या बाईला बंदुकीची भीती होती. तरी तिनं परक्या पोरीला टेबलाशी घेतलं. ह्याला शेखरची भीती, आणि ह्यानं बापाला वर बसवलं. मी त्याला सांगितलं, "ह्या घरात माझं ताट पुन्हा वर येणार नाही. नाहीतर मी ह्या घरात नाही."

सोमवारी सकाळी प्रेस उघडली. फोटो धोतराच्या सोग्यानं पुसला. दारातून येणाऱ्याला पहिला दिसेल असा लावला. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. लेक बूट घालत होता. मी त्याच्या आधी बाहेर पडलो. शेखरच्या काचेवर बोटानं टकटक केलं. काच खाली झाली.

"मी ह्याचा बाप," म्हटलं. "शनिवारी मला काही झालं नव्हतं. वर बसून तुझं सगळं ऐकलं. कोट्यातली मंडळी ती आम्हीच. आत ये. चहा घे, मग जा."

आणि दार उघडं धरून उभा राहिलो.