भावाच्या वर्गात

चार वर्षांची इंजिनिअरिंगची पदवी मी सात वर्षांत घेतली. आजारपण नव्हतं, घरची अडचण नव्हती. पहिल्याच परीक्षेत गणितानं घाबरवलं, तेव्हा ठरवलं की झेपतील तेवढेच पेपर द्यायचे. निम्मे उन्हाळ्यात, उरलेले दिवाळीच्या आसपास. मग एकेका वर्षाला दोन दोन वर्षं लागू लागली. मधल्या वर्षात तास थोडेच असायचे. बाकी वेळ कराडच्या खोलीवर नुसता पडून असायचो. आई म्हणायची, "झेपंल तेवढंच घे बाबा, डोस्क्याला ताप नगं." आबा पलटणीत. ते सुट्टीवर आले की मी "चाललंय" म्हणायचो, आणि ते पुढं विचारायचे नाहीत.

सावकाश शिकण्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, हे आज म्हणतो. तेव्हा मात्र वर्गातल्या पोरांच्या नजरेला नजर द्यायला नको वाटायचं. त्यात तिसऱ्या वर्षाला माझा धाकटा भाऊ माझ्याच वर्गात आला. दोन वर्षांनी लहान, एकही पेपर मागं न ठेवता आलेला.

पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरच्या पोरानं विचारलं, "आडनाव एकच की रं तुमचं. भाऊ का काय?"

धाकटा तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणालो, "न्हाई, गावचा हाय. भावकीतला."

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि मान डोलावली. त्यानंतर वर्गात तो मला दादा म्हणाला नाही. तो होस्टेलला राहायचा, मी बाहेर खोलीवर. विट्याकडून येणाऱ्या एसटीनं आई दोघांचा मिळून एकच डबा पाठवायची. तो स्टँडवरून डबा आणायचा, माझ्या वाटणीचं खोलीवर काढून ठेवायचा आणि उरलेलं घेऊन निघून जायचा. मी कधी त्याला बस म्हणालो नाही.

त्या हिवाळ्यात आबा सुट्टीवर आले आणि एके दिवशी डबा घेऊन स्वतःच कॉलेजात आले. आम्ही दोघं कँटीनच्या दारात पोचलो, तेव्हा ते मागच्या बाकावरच्या त्याच पोराला विचारत होते, "माझी दोन्ही पोरं कुठं दिसंनात ती?"

"दोन्ही कुठली, काका? तुमचा एकच हाय की वर्गात. दुसरा भावकीतला न्हवं?"

आबांनी वळून आमच्याकडं पाहिलं. "आसं कोण म्हणलं?"

मी दारातच थांबलो. धाकटा पुढं झाला. "मीच म्हणलो, आबा. दादाचे पेपर राहिल्यात, पोरं हसत्यात म्हणून."

"थोरल्या भावाची लाज वाटती व्हय रं तुला?"

त्यानं आबांच्या हातातला डबा घेतला. मागच्या बाकावरच्या त्या पोराला खरं माहीत होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं, चहाचा ग्लास उचलला आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला.

धाकटा वेळेत पास होऊन पुण्याला नोकरीला लागला. वर्षभरानं मी सुटलो. आबांनी घरोघर पेढे वाटले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्यानं येळ लावला, पर आपल्या माणसाला परकं न्हाई केलं." धाकटा तिथंच होता. त्यानं पेढा खाल्ला आणि हात रुमालाला पुसला.

संध्याकाळी मळ्याकडं जाताना मी म्हणालो, "आबांना खरं काय ते सांगतो."

"नगं, दादा. माझ्यावर रागवायची सवय झालीय त्यांना. तुझ्यावर रागवायला जमायचं न्हाई आता."

मला हायसं वाटलं. हे लिहायलाच इतकी वर्षं गेली.

आबा अखेरपर्यंत माझ्याकडं राहिले. धाकट्यानं पुण्यात घर बांधलं, तेव्हा वास्तुशांतीला आले, जेवले आणि राहायचं नाही म्हणाले. सुनेनं अंथरूण घातलं होतं. धाकटा फाटकापर्यंत आला, त्यांच्या पाया पडला. ते "बरं" म्हणाले. परतताना गाडी मी चालवत होतो, आबा शेजारी बसले होते. सगळ्या वाटेत गाडीत आम्ही दोघंच, ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. काच खाली करू का, एवढंच मी त्यांना विचारलं.